न दिसण्याचा पुरावा

पडद्यावर एक ओळ उमटते : ‘अनकम्प्रेसिंग लिनक्स... डन, बूटिंग द कर्नल.’ आणि मग काहीच नाही. एआरएम प्रोसेसरच्या छोट्या बोर्डांवर लिनक्स चढवणाऱ्या मंडळींना ही ओळ तोंडपाठ असते. तिच्या पुढची ओळ कधी लगेच येते, कधी आठवडाभर येत नाही. बोर्डावरचा लाल दिवा चालू असतो, सिरियल केबल जागेवर असते, चिप हाताला कोमट लागते. आत काही चाललंय की सगळं ठप्प आहे, हे बाहेरून सांगता येत नाही.

पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३पासून आहे. पूस नदीच्या काठचं, कापूस आणि सोयाबीनच्या पट्ट्यातलं हे तालुक्याचं गाव. इथून शिकून बाहेर पडलेल्यांपैकी जे कोणी ‘एम्बेडेड’च्या धंद्यात शिरले असतील, त्यांची या शांततेशी गाठ पडली नसेल तर नवलच. याच गावातून एक वाट माहूरला जाते, दत्तशिखराकडे आणि रेणुकेच्या गडाकडे. एक रस्ता पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांकडे, दुसरा माहूरच्या डोंगराकडे. दोन्हीकडे जाणाऱ्यांना एकच जुना प्रश्न आडवा येतो. ज्या क्षणी पाहणारा कोणी नव्हताच, त्या क्षणी काय घडलं हे कशाच्या बळावर सांगायचं?

सृष्टीच्या आरंभाबद्दल हा प्रश्न ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या नासदीय सूक्तात येतो, आणि तिथे उत्तराची घाई केलेली नाही. यंत्राच्या आरंभाबद्दल मात्र उत्तर द्यावंच लागतं, कारण सोमवारी ग्राहकाकडे बोर्ड पोचवायचं असतं.

संगणक सुरू होतो म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी पाहायला हवं. वीज आली की प्रोसेसर ठरलेल्या एका पत्त्यावरची पहिली आज्ञा उचलतो. ही आज्ञा चिपमध्येच कोरलेल्या रॉममध्ये असते. रॉममधला तो चिमुकला प्रोग्राम फ्लॅशमधून किंवा मेमरी कार्डावरून जरा मोठा प्रोग्राम आणतो. तो मुख्य मेमरी, म्हणजे डीरॅम, कामाला लावतो आणि त्याहून मोठा बूटलोडर आणतो; छोट्या बोर्डांवर हा बहुतेक वेळा ‘यू-बूट’ असतो. यू-बूट कर्नलची दाबून बांधलेली फाइल मेमरीत ठेवतो आणि कारभार तिच्या हाती देऊन मोकळा होतो. कर्नल स्वतःला उलगडतो, मेमरीच्या पत्त्यांचे तक्ते मांडतो आणि एमएमयू चालू करतो. त्या क्षणापासून प्रत्येक पत्त्याचा अर्थ पालटतो. जो आकडा थेट चिपच्या एका कोपऱ्याकडे नेत होता, तो आता तक्त्यातून जातो. तक्त्यात नोंद नसेल तर तो कुठेच नेत नाही आणि प्रोसेसर जागच्या जागी अडतो. हा टप्पा पार पडला की ‘स्टार्ट-कर्नल’ नावाचं फंक्शन सुरू होतं. मेमरीचं वाटप, शेड्यूलर, इंटरप्ट, घड्याळ असं एकेक उभं राहतं, आणि बरंच नंतर नंबर लागतो कन्सोलचा.

खरी गोम इथे आहे. कन्सोल म्हणजे कर्नलचं तोंड. पण तेही इतर ड्रायव्हरांसारखा एक ड्रायव्हरच. त्याला मेमरी लागते, घड्याळ लागतं, पिना नीट लावलेल्या लागतात. बोलण्याची सोय ही ज्याबद्दल बोलायचंय त्याच यादीतली एक बाब आहे, आणि यादीत ती पुष्कळ खाली आहे. तिच्या आधी काही कोसळलं तर कर्नल मरतानाचा निरोप तयार करतो, शब्दही जुळवतो. निरोप नेणारी वाट तेवढी अजून बांधलेली नसते.

नवखा माणूस अशा वेळी म्हणतो, ‘काही येत नाहीये, म्हणजे कर्नल सुरूच झाला नाही.’ वाक्य साधं वाटतं. पण या ‘म्हणजे’वर भारतीय दर्शनांत कित्येक शतकं खल झाला आहे.

सातव्या शतकाच्या सुमाराला कुमारिल भट्टांनी ‘नसण्या’च्या ज्ञानासाठी एक वेगळं प्रमाण मानलं : अनुपलब्धी. समोर जमिनीवर घट नाही हे आपल्याला कळतं. पण नसलेली गोष्ट डोळ्याला दिसणार कशी? डोळ्याला दिसते ती मोकळी जमीन. घट नाही हे कळतं ते घट न दिसण्यातून, आणि हे न दिसणं हेच ज्ञानाचं साधन आहे, असं भाट्ट मीमांसकांचं म्हणणं. पुढे अद्वैत वेदान्त्यांनी ते उचललं. नैयायिकांना त्यासाठी निराळं प्रमाण नको होतं, बौद्धांनी त्याची सोय अनुमानातच लावली. या भांडणाच्या पोथ्या जाडजूड आहेत. तरी एका अटीपाशी सगळे जवळजवळ एकत्र येतात : वस्तू असती तर नक्की दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही, असं म्हणता येत नाही. या अटीचं नाव योग्यता, आणि ती पाळणाऱ्या न दिसण्याचं नाव योग्यानुपलब्धी.

त्याच शतकातला बौद्ध आचार्य धर्मकीर्ती ‘न्यायबिंदू’त आणखी नेमका बोलतो. एखादी वस्तू असूनही न दिसण्याची त्याने तीन कारणं मानली. ती देशाने दूर असेल, काळाने दूर असेल, किंवा स्वभावानेच अशी असेल की डोळ्याच्या टप्प्यात येणार नाही. तिसऱ्या प्रकाराला परंपरेने दिलेलं उदाहरण पिशाचाचं आहे. पिशाच दिसत नाही, एवढ्यावरून ते खोलीत नाही हे सिद्ध होत नाही. कारण असतं तरी ते दिसलं नसतंच.

गप्प पडलेल्या बोर्डासमोर बसलेल्या इंजिनिअरला ही तिन्ही दूरपणं रोज भेटतात, नावं ठाऊक नसली तरी.

देशाने दूर : टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ओमॅप चिपांसाठी २०१०-११च्या सुमारास लिनक्समध्ये सिरियल पोर्टचा नवा ड्रायव्हर आला. त्याबरोबर पोर्टचं नाव ‘टीटीवाय-एस-२’ होतं ते ‘टीटीवाय-ओ-२’ झालं. बूटलोडरच्या सेटिंगमध्ये जुनंच नाव राहिलेल्या बोर्डांवर नवा कर्नल चढवला की पडदा मुका. कर्नल आत ठणठणीत असे. नेटवर्कची वायर जोडलेली असेल तर त्या ‘मेलेल्या’ बोर्डात लॉगिनही करता येई. एका अक्षराच्या बदलाने कितीएक लोकांनी चांगला कर्नल बिघडलेला समजून तो पुन्हा पुन्हा बांधला असेल, त्याचा हिशेब कुणाकडे असणार!

काळाने दूर : कन्सोल जन्मण्याआधीचा अपघात. यावरचा उपाय म्हणजे पाहणाऱ्याला लवकर उठवणं. ‘अर्लीकॉन’ नावाची सोय पूर्ण ड्रायव्हरची वाट न पाहता बोलायला लागते. त्याहूनही आधीची सोय एआरएममध्ये ‘डीबग-एलएल’ म्हणून आहे. तिथे ड्रायव्हर वगैरे काही नाही. बूटलोडरने सिरियल पोर्ट सुरू करून ठेवलेलाच असतो, त्याच्या रजिस्टरमध्ये थेट एक बाइट टाकायचा, बाहेर एक अक्षर पडतं. मात्र एमएमयू चालू होण्याआधी त्या रजिस्टरचा एक पत्ता आणि नंतर दुसरा. हे ज्याच्या ध्यानात राहत नाही, त्याचा बोर्ड मुळातल्या बगमुळे पडत नाही, बग शोधण्यासाठी घातलेल्या ओळीमुळे पडतो.

स्वभावाने दूर : डीरॅममधला एक बिट उलटला, तर ते कोणत्याही कन्सोलवर कधीच छापून येत नाही. येतो तो परिणाम, आणि तोही भलत्याच ठिकाणी. किंवा अ‍ॅडॉप्टर कमी ताकदीचा असतो. प्रोसेसरचे बाकीचे कोअर जागे झाले की ते एकदम वीज ओढतात, व्होल्टेज क्षणभर खचतं. मल्टिमीटरवर आकडा बरोबर दिसतो, कारण तो सरासरी दाखवतो. ऑसिलोस्कोप लावला की खड्डा दिसतो. पिशाच दिसायला लागतं, असं म्हणायला हरकत नाही. फक्त त्यासाठी डोळा बदलावा लागतो.

म्हणून मुरलेला माणूस बग शोधायला बसतच नाही. तो आधी योग्यता प्रस्थापित करतो. कर्नलच्या अगदी पहिल्या काही आज्ञांमध्ये एखादा एलईडी पेटवणारी आज्ञा घालतो. त्याआधी तोच एलईडी यू-बूटमधून पेटवून पाहतो, म्हणजे दिवा, वायर आणि पत्ता तिन्ही शाबूत असल्याची खात्री होते. आता दिवा पेटला नाही, तर त्या अंधाराला अर्थ आहे. मघाचा अंधार आणि हा अंधार डोळ्याला सारखेच दिसतात. पुरावा म्हणून त्यांची किंमत वेगळी.

आता आणखी एक जुनं भांडण. गाढ झोपेतून उठलेला माणूस म्हणतो, ‘छान झोप लागली, काही कळलंच नाही.’ अद्वैत वेदान्ती हे वाक्य हातचं सोडत नाही. तो म्हणतो, ही आठवण आहे. आणि आठवण होते ती अनुभवलेल्याचीच. मन आणि इंद्रियं निजलेली असताना ‘काही न कळणं’ अनुभवणारा कोणी तरी जागा असला पाहिजे. तो साक्षी. नैयायिकाला हे पटत नाही. त्याच्या मते इथे आठवण वगैरे काही नाही. उठल्यावर अंग हलकं आहे, मधला वेळ निघून गेलाय आणि त्या वेळातलं काही आठवत नाही, यावरून माणूस अनुमान करतो की झोप लागली होती. झोपेत ज्ञानच नव्हतं, मग त्याची आठवण कुठली?

लिनक्सच्या कर्नलमध्ये ‘प्रिंट-के’ नावाचं फंक्शन आहे. कर्नलला काही सांगायचं असलं की तो यातून सांगतो. पण प्रिंट-के थेट पडद्याकडे जात नाही. तो मजकूर आधी मेमरीतल्या एका राखीव जागेत लिहून ठेवतो. कन्सोल आहे की नाही याची तो फिकीर करत नाही. पुढे कन्सोल जन्माला आला की तोवर साठलेलं सगळं भडाभडा बाहेर येतं. पाहणाऱ्याला वाटतं, कर्नलच्या पहिल्या श्वासापासून सगळं डोळ्यांसमोर घडतंय; प्रत्यक्षात सुरुवातीच्या त्या पानभर ओळी आठवणी असतात. त्यातल्या पहिल्या ओळींपुढे वेळ म्हणून नुसती शून्यं असतात, कारण तेव्हा कर्नलचं घड्याळही सुरू झालेलं नसतं. काळ मोजायला लागण्याआधीच्या घटना, ओळीने लिहिलेल्या, सगळ्या शून्य सेकंदाला घडलेल्या. अद्वैत्याला याहून आवडेल असा देखावा सापडणं कठीण.

कन्सोल जन्मण्याआधीच कर्नल कोसळला तरी राखीव जागेतली ही नोंदवही मेमरीत पडून राहते. बोर्डाची वीज न तोडता नुसतं रीसेट करायचं, यू-बूटच्या पाटीपाशी थांबायचं. कर्नल बांधताना तयार झालेल्या ‘सिस्टिम-मॅप’ या फाइलमध्ये त्या वहीचा पत्ता शोधायचा, तो खऱ्या मेमरीच्या पत्त्यात बदलून घ्यायचा आणि तिथली मेमरी वाचायची. यू-बूट डावीकडे षोडशमान (हेक्साडेसिमल) संख्या दाखवतो आणि उजवीकडे त्यांची अक्षरं. नशीब बरं असेल तर त्या उजव्या रकान्यात मेलेल्या कर्नलचे शेवटचे शब्द वाचायला मिळतात. डीरॅम वीज गेल्यागेल्या सगळं विसरते हा समजही तितका खरा नाही. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की वीज तोडल्यावरही काही सेकंद, आणि चिप थंड केली तर त्याहून कितीतरी जास्त वेळ, मेमरीतला मजकूर बराचसा शाबूत राहतो. त्यांनी त्यातून कूटलेखनाच्या किल्ल्या काढून दाखवल्या होत्या.

वही हाती लागली नाही, तर मात्र नैयायिकाच्या रस्त्याने जावं लागतं. वॉचडॉग, म्हणजे अडकलेल्या यंत्राला रीसेट करणारा टायमर, बोर्डाला किती सेकंदांनी पुन्हा सुरू करतो? वीज किती ओढली जाते? एकाच जागी गरगर फिरणारा प्रोसेसर जास्त वीज खातो, इंटरप्टची वाट पाहत निजलेला कमी. चिन्हांवरून अनुमान. बहुतेक कार्यशाळांत दोन्ही पंथ एकाच टेबलावर सुखाने नांदतात.

पण अद्वैत्याने इथे फार खूश होऊ नये. त्याचा साक्षी निर्लेप आहे, घडणाऱ्या गोष्टीचा डाग त्याला लागत नाही. प्रिंट-केची वही त्याच मेमरीत असते जिच्यात बग धुमाकूळ घालत असतो. भरकटलेला एखादा पॉइंटर त्या वहीवरही लिहून जाऊ शकतो, आणि मग साक्षीदारच फितूर. शिवाय साक्ष नोंदवण्यालाही वेळ लागतो. सिरियल पोर्टचा नेहमीचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट. एका अक्षराला दहा बिट धरले, तर एक अक्षर बाहेर पडायला सुमारे ८७ मायक्रोसेकंद. एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर तेवढ्यात ८७ हजार फेऱ्या मारतो. हार्डवेअरच्या दोन भागांच्या शर्यतीमुळे होणारा बग पकडण्यासाठी मध्ये एक प्रिंट घातला, की त्या विलंबानेच शर्यत मिटते आणि बग गायब होतो. प्रिंट काढला की परत हजर. पाहिल्याने बदलणारं जग हा तत्त्वज्ञानातला विषय असेल. ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तो आणखी एका रविवारचा सत्यानाश आहे.

बोर्ड बोलू लागलं, तरी घोटाळे संपत नाहीत. समजा लॉग मिळाला आणि त्याची शेवटची ओळ यूएसबी ड्रायव्हरची आहे. सगळ्यांची बोटं यूएसबीकडे. कर्नलला ‘इनिटकॉल-डीबग’ हा पर्याय दिला तर तो प्रत्येक ड्रायव्हरला हाक मारताना एक ओळ छापतो आणि तो परतल्यावर दुसरी. ज्याची हाक आहे पण परतल्याची ओळ नाही, तो संशयित. उपयोगी युक्ती आहे, हजार वेळा कामाला येते. पण संशयित आणि गुन्हेगार यांत फरक आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, तर पंचनाम्यात कावळ्याचं नाव येतं. संस्कृत तर्कशास्त्रात याच फसगतीला काकतालीय म्हणतात. तिथेही आरोपी कावळाच, फक्त फांदीऐवजी ताडाचं फळ.

अ‍ॅपलच्या २०११ आणि नंतरच्या काही मॅक संगणकांवर लिनक्स चालवताना अशी एक फांदी मोडत होती. त्यांत ब्रॉडकॉमचं बीसीएम-४३३१ हे वायफाय कार्ड होतं. मॅकचं फर्मवेअर सुरुवातीला ते कार्ड चालू करत असे आणि कारभार लिनक्सच्या हाती देताना बंद करत नसे. कार्ड बापडं इमानदारीने हवेतले पॅकेट उचलून सांगितलेल्या पत्त्यावर टाकत राही. तो पत्ता आता लिनक्सच्या मेमरीचा होता. तिथे जो कोणी राहत असेल त्याच्या डेटावर आजूबाजूच्या वायफायचे पॅकेट येऊन पडत, आणि कोसळताना दिसे तो तिथला रहिवासी. शेवटी २०१६ मध्ये लिनक्समध्ये एक तुकडा घालण्यात आला, जो बाकी काहीही व्हायच्या आत ते कार्ड शोधून रीसेट करतो. कर्मसिद्धान्त मानणारा याला प्रारब्ध म्हणेल : मागच्या जन्मी सुरू केलेली क्रिया, फळ या जन्मी, आणि भोगणाऱ्याला कारण ठाऊक नाही. तुलना मोहक आहे, पण ती एका ठिकाणी तुटते. प्रारब्ध भोगूनच संपतं असं शास्त्र म्हणतं. हे प्रारब्ध काही ओळींच्या कोडने संपलं.

तुलनांच्या या मोहाबद्दल एक शब्द बोललाच पाहिजे. ‘नासाने मान्य केलंय, संगणकासाठी संस्कृतच सर्वोत्तम’ हा निरोप विदर्भातल्या घरोघरच्या फोनवर येऊन गेला असेल. त्याच्या मुळाशी १९८५ साली ‘एआय मॅगझिन’मध्ये आलेला रिक ब्रिग्ज यांचा एक लेख आहे. ते नासाच्या एम्स केंद्रात होते. शास्त्रीय संस्कृतात वाक्याचा अर्थ उलगडून मांडण्याची जी पद्धत होती, तिचं संगणकात ज्ञान मांडण्याच्या पद्धतीशी साम्य आहे, असं त्यांनी दाखवलं. लेख चांगला आहे. त्यातून नासाने संस्कृतात प्रोग्राम लिहिल्याचं कुठेही निघत नाही. कुमारिलांना कर्नल ठाऊक नव्हता आणि धर्मकीर्तीने सिरियल पोर्ट पाहिला नव्हता. त्यांनी एक प्रश्न इतका घासून स्वच्छ केला की तो आज नव्या हत्यारालाही नीट बसतो, एवढंच. आणि हे ‘एवढंच’ पुष्कळ आहे.

साक्षीदार आतलाच असला की तो बिघाडात सापडतो. मग बाहेरचा का आणू नये? या प्रश्नाचं एक देखणं उत्तर महाराष्ट्रात, पुण्यात, प्रत्यक्ष वापरात होतं. विजय भटकर हे मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे, जन्म १९४६चा, नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयाचे इंजिनिअर. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली, तिची धुरा त्यांच्याकडे आली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. अमेरिकेचे महासंगणक हवे तसे मिळत नव्हते, तेव्हाची ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. कमी सांगितली जाते ती त्याच्या आतल्या चिपची. परम ८००० ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपांवर उभा होता. या चिपेला शेजाऱ्यांशी जोडणाऱ्या चार तारा असत, आणि सुरू होण्याची तिची रीत विलक्षण होती.

एक पिन रॉमकडे न लावता सोडली, की ट्रान्सप्युटर जागा होऊन स्वतः काहीच करत नसे. तो तारांकडे कान देऊन बसे. पहिला बाइट शेजाऱ्याकडून येई, आणि पुढचं सगळं त्या बाइटवर ठरे. तो दोन किंवा त्याहून मोठा असेल, तर तेवढ्या बाइटांचा प्रोग्राम पाठोपाठ येतोय असं समजून तो उतरवून घेई आणि चालवायला लागे. शून्य असेल तर अर्थ : या पत्त्यावर हे लिही. एक असेल तर अर्थ : या पत्त्यावर काय आहे ते मला सांग. म्हणजे ज्या चिपेत अजून एकही प्रोग्राम चाललेला नाही, तिची मेमरी शेजारी वाचू शकत होता. शिवाय ‘अ‍ॅनलाइझ’ नावाची एक पिन होती. प्रोग्राम कोसळला, की ती वापरून चिप अशा बेताने थांबवता येई की तिची मेमरी तशीच राहावी, आणि मग शेजाऱ्याने तारेवरून विचारपूस करावी. साक्षीदार आत नव्हता, शेजारी होता. आजच्या चिपांत हेच काम ‘जेटॅग’ नावाची डीबगिंगची जोडणी करते. पण तिथे विचारणारा माणूस असतो आणि त्याच्याकडे वेगळं उपकरण असावं लागतं. ट्रान्सप्युटरांच्या जाळ्यात प्रत्येक जण दुसऱ्याचा साक्षीदार होऊ शकत होता. पुढच्या यंत्रांत ही कल्पना मागे पडली, हे वाईट झालं.

शेजाऱ्याची साक्ष म्हणजे शब्दप्रमाण, दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारं ज्ञान. आणि ज्याने स्वतः पाहिलं नाही त्याने पाहिलेल्यांना विचारून कसं लिहावं, याचा धडा वऱ्हाडात सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीच गिरवला गेला. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी गेल्यानंतर, सुमारे १२७८ साली, म्हाइंभटांनी रिद्धपुरात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. नागदेवाचार्यांना आणि स्वामींच्या सहवासात राहिलेल्या इतरांना गाठून, विचारून त्यांनी एकेक लीळा जमवली. महानुभावांची परंपरा दत्तात्रेय प्रभूंना, म्हणून माहूरलाही, आपल्या मुळाशी मानते; पुसदच्या परिसरात हा पंथ परका नाही. या ग्रंथाच्या परंपरेत एक गोष्ट फार शहाणपणाची आहे. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर एक खोडून दुसरी ठेवलेली नाही. ‘वासना’ आणि ‘शोधु’ अशा खुणांनी वेगळे पाठ जवळच नोंदवले, कित्येकदा सांगणाऱ्याच्या नावासकट. पुढे परचक्राच्या धाडीत मूळ प्रती गेल्या, आणि ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा केला, असं पंथाचा इतिहास सांगतो. कोणत्या बोर्डावर, कोणत्या आवृत्तीच्या कर्नलवर, कोणत्या केबलने हा लॉग घेतला हे न लिहिता नुसता लॉग पुढे धाडणाऱ्यांनी म्हाइंभटांचं काम एकदा जरूर पाहावं.

पण शेजारी खरं बोलतोय कशावरून? ट्रान्सप्युटरला शेजाऱ्याने उठवलं. शेजाऱ्याला त्याच्या शेजाऱ्याने. असं करत गाडी एका यजमान संगणकापाशी येते, आणि तो उठतो स्वतःच्या रॉममधून. नैयायिक म्हणतो, ज्ञान खरं आहे हे बाहेरच्या पडताळ्याने ठरतं. मीमांसक विचारतो, मग त्या पडताळ्याचा पडताळा कोण करणार? याला अनवस्था म्हणतात, न संपणारी माळ. म्हणून कुमारिलांची बाजू अशी : ज्ञान झालं की ते खरं धरूनच चालायचं, त्याला खोडणारं दुसरं ज्ञान पुढे येईपर्यंत. रोजचं डीबगिंग याच तत्त्वावर चालतं. कंपायलरने बरोबर भाषांतर केलं असेल, रॉम बरोबर असेल, डेटाशीट खरी असेल, असं धरूनच कोणी कामाला बसतं. नाही तर बसणंच होणार नाही. बाधक आलं की तेवढ्यापुरता विश्वास काढून घ्यायचा.

मीमांसकांनी वेदांना दोषमुक्त ठरवलं ते त्यांना कर्ता नाही म्हणून. दोष येतो तो सांगणाऱ्यातून. चिपेतल्या रॉमला मात्र कर्ते असतात, पगारी आणि चुकणारे. २०१९ मध्ये अ‍ॅपलच्या ए-५ ते ए-११ या चिपांच्या रॉममधली ‘चेकमेट’ नावाची त्रुटी उघड झाली. रॉम कोरलेली असल्यामुळे विकल्या गेलेल्या फोनांत ती सॉफ्टवेअर बदलून दुरुस्त होण्यासारखी नव्हती.

केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्ताने १९८४ साली छापलेल्या व्याख्यानात याहून अवघड अडचण मांडली. कंपायलर कंपायलरनेच बांधला जातो. एखाद्या पूर्वजात चोरवाट घातली आणि ती पुढच्या पिढीत आपोआप उतरेल अशी तजवीज केली, तर आजच्या कंपायलरचा सगळा सोर्स वाचूनही ती सापडणार नाही. बीज आधी की अंकुर, या जुन्या वादाची ही धारदार आवृत्ती. बीजांकुराची माळ निरुपद्रवी असते असं शास्त्रकार मानत. थॉम्प्सन यांची माळ तशी नाही.

‘ग्वीक्स’ या प्रकल्पाच्या लोकांनी ही माळ उलटी मोजत नेली. २०२३ मध्ये ते अशा ठिकाणी पोचले की सारी सॉफ्टवेअरं ३५७ बाइटांच्या एका बीजापासून टप्प्याटप्प्याने सोर्समधून बांधता येतात. ३५७ बाइट एका माणसाला एका बैठकीत बाइट-बाइट तपासता येतात. मात्र ते बीज चालवायला खाली आधीच चालू असलेला लिनक्स कर्नल लागतो, आणि तो आयता घ्यावा लागतो, हेही त्यांनी स्वतःच सांगितलं. याच वाटेवरच्या इतर काहींनी मग षोडशमान संख्यांत हाताने लिहिलेला, काही हजार बाइटांचा एक कर्नल त्या जागी बसवायला घेतला आहे. त्याच्यात ड्रायव्हर जवळजवळ नाहीतच. डिस्क वाचायची असो की पडद्यावर एखादं अक्षर उमटवायचं असो, तो बायोसला हाक मारतो, आणि बायोस मदरबोर्डच्या कारखान्यातून तयार होऊन आलेला असतो.